‘दाटता’: अकराव्या वर्षी सापडलेल्या एका जन्मजात दोषाचं प्रकरण

देवगड तालुक्यातल्या एका वाडीची मुलं शाळेसाठी पाखाडी चढून सड्यावर जातात. जांभ्याच्या दीडशेच्या आसपास पायऱ्या आहेत. साधारण मध्यावर, पाखाडी वळते तिथे, कलमांच्या बागेचा गडगा आहे. सहावीतली एक मुलगी रोज त्या गडग्यावर दोन-तीन मिनिटं बसायची आणि मग वर जायची. तिच्या मैत्रिणींना हे इतकं सवयीचं होतं की त्या न सांगता थांबायच्या. वाडीत सगळ्यांनी ते पाहिलेलं होतं. मला मात्र माहीत नव्हतं, आणि माहीत असायला हवं होतं ते मलाच. तीन वर्षं तिच्या तपासणीच्या कागदावर ‘प्रकृती स्थिर’ हे शब्द मी लिहीत होते.

मी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या फिरत्या पथकात वैद्यकीय अधिकारी आहे. २०१३ साली सुरू झालेल्या या कार्यक्रमात आम्ही अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जातो. पथकात दोन डॉक्टर, एक औषधनिर्माता आणि एक परिचारिका असते. वजन, उंची, डोळे, दात, त्वचा आणि छातीवर स्टेथोस्कोप असं सगळं एका दिवसात पूर्ण शाळेचं करायचं असतं. मुलीच्या आईवडिलांनी हे लिहायला मनापासून होकार दिला आहे. वाडीचं आणि मुलीचं नाव देत नाही.

तिसरीत असताना, आठव्या वर्षी, तिच्या हृदयात मला पहिल्यांदा वेगळा आवाज ऐकू आला. डाव्या स्तनाग्राच्या खाली, प्रत्येक ठोक्याबरोबर फुंकर घातल्यासारखा, काखेकडे सरकत जाणारा. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप गळते तेव्हा असा आवाज येतो. मी तिला पुढे पाठवलं. एका शिबिरात तिची टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाली. कागदावर आलं: मायट्रल झडपेची मध्यम गळती, वाताच्या तापामुळे झालेला हृदयविकार. दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन सुरू झालं.

हे निदान कोणी निष्काळजीपणाने केलं असं मला म्हणायचं नाही. आपल्याकडे शाळकरी मुलाची मायट्रल झडप गळत असेल तर पहिला संशय वाताच्या तापाचाच येतो आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो. घशाला स्ट्रेप्टोकोकस जंतूंचा संसर्ग होतो, मग सांधे सुजतात, आणि काही मुलांच्या झडपा कायमच्या खराब होतात. तिच्या बाबतीत तीन गोष्टी जुळून आल्या होत्या. झडप गळत होती. रक्तातली एएसओ चाचणी वाढलेली होती. आणि आईने सांगितलं होतं की रात्री पोरीचे पाय दुखतात. आज मागे वळून पाहताना दिसतं की यातली एकही गोष्ट पुरावा नव्हती. एएसओ वाढलेली असणं म्हणजे अलीकडे कधीतरी स्ट्रेप्टोकोकसची लागण होऊन गेली, एवढंच. शाळेत जाणाऱ्या कितीतरी धडधाकट मुलांत ती वाढलेली सापडते. दिवसभर हुंदडलेल्या मुलांच्या पोटऱ्या रात्री दुखतात. ती वाताच्या तापातली सांधेदुखी नव्हे. सांधा सुजला होता का, लाल झाला होता का, एका सांध्यातून दुसऱ्यात दुखणं फिरत होतं का, हे तेव्हा कोणीच विचारलं नाही. मीही नाही. झडप गळते हे खरं होतं. ती का गळते, हा प्रश्न त्या कागदाने मिटवला आणि मी तो पुन्हा उघडला नाही.

तिने तीन वर्षांत ५२ इंजेक्शनं घेतली. ज्यांनी ते इंजेक्शन घेतलंय त्यांना माहीत आहे, ते कमरेत खोल द्यावं लागतं आणि दोन दिवस बसायला त्रास होतो. आई तिला एसटीने घेऊन जायची, अर्धा दिवस मोडायचा, मजुरी बुडायची. एकही तारीख चुकली नाही. कार्डावरचे सगळे शिक्के मी पाहिले आहेत.

पाखाडीवर

जुलैतला दिवस होता. खालच्या अंगणवाडीची तपासणी करून आम्हाला वरच्या शाळेत जायचं होतं. रस्त्यावर दरड आल्याने गाडी वळसा घेऊन येणार होती, म्हणून मी मुलांबरोबर पाखाडीने निघाले. ती माझ्या पुढे दोन पायऱ्यांवर होती. वळणावर आली आणि गडग्याला टेकली. चेहरा उतरला होता, वरच्या ओठावर घाम होता, आणि उजव्या हाताची मूठ छातीच्या मधोमध धरलेली. पाऊस पडत होता, वारा गार होता. अकरा वर्षांचं मूल ऐंशी पायऱ्या चढून अशा हवेत घामाघूम होत नाही.

मी विचारलं, "छातीत दुखता काय गो?"

ती म्हणाली, "दुखना नाय ओ. हय दाटता."

दोन-तीन मिनिटांनी रंग परत आला, मूठ सुटली, आणि ती उठून चालायला लागली.

आमच्या तपासणीच्या कागदावर मी दर वर्षी विचारत असे: छातीत दुखतं का? ती दर वर्षी खरं उत्तर देत होती: नाही. तिला दुखत नव्हतं, दाटत होतं. चढताना येणारं, छातीच्या मध्यावर जाणवणारं, थांबल्यावर दोन-चार मिनिटांत ओसरणारं दाटणं पन्नाशीच्या माणसाने सांगितलं असतं तर गावातल्या कोणीही त्याला ‘ईसीजी काढून घे’ म्हटलं असतं. मुलाच्या बाबतीत ते आपल्या डोक्यात येत नाही, कारण मुलांच्या हृदयाला रक्त कमी पडतं असं आपण धरूनच चालत नाही.

त्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. ओटीवर आजी सुपारी कातरत होती. मी तान्हेपणापासून विचारायला सुरुवात केली. आजी म्हणाली, "दोन म्हयन्याचा हुता तेवा दूध पिता पिता घामान चिंब जाय. मदीच सोडी, रडी, परत धरी. आमका वाटला नजर लागली." चौथ्या महिन्यात न्यूमोनिया म्हणून आठ दिवस दवाखान्यात ठेवलं होतं. सहा महिन्यांनंतर हळूहळू बरं वाटलं, अंग धरलं, आणि पुढे कोणी काही बोललं नाही.

दूध पिणं हा तान्ह्या बाळाचा सगळ्यात मोठा व्यायाम असतो. अंगावर पिताना घाम सुटणं, मध्येच सोडून कळवळून रडणं, परत धरणं: बाळाची पाखाडी ती हीच.

कागदावरच्या खुणा

दुसऱ्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात ईसीजी काढला. तिथल्या डॉक्टरांनी पट्टी हातात घेतली आणि बराच वेळ बोलले नाहीत. पहिल्या आणि एव्हीएल या दोन लीडमध्ये, म्हणजे ईसीजीच्या बारा नोंदींपैकी दोन नोंदींत, क्यू नावाची लहर खोल आणि रुंद होती. हृदयाच्या डाव्या बाजूच्या भिंतीला जुनी इजा झाली असेल तर अशी लहर दिसते. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाच्या पट्टीत ती असते. वाताच्या तापाने झडप बिघडते, पण एव्हीएलमध्ये अशी क्यू लहर तो देत नाही. पट्टीचा फोटो कोल्हापूरला मुलांच्या हृदयविकारतज्ज्ञांकडे गेला आणि तासाभरात निरोप आला: पळवू नका, चढवू नका, या आठवड्यात घेऊन या.

फोंडा घाट चढून राधानगरीमार्गे कोल्हापूर. मी सोबत गेले होते, आणि इको चालू असताना तिथले तज्ज्ञ पडद्यावर बोट ठेवून दाखवत होते. मायट्रल झडपेचे पडदे पातळ आणि मोकळे होते. वाताच्या तापातल्यासारखे जाड, कडांना चिकटलेले नव्हते. झडपेच्या दोऱ्या ज्या स्नायूंना बांधलेल्या असतात ते मात्र आजूबाजूच्या स्नायूपेक्षा पांढरे, चमकदार दिसत होते. रक्त न मिळाल्याने आलेला व्रण तसा दिसतो. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या दोन कोरोनरी धमन्यांपैकी उजवी साडेपाच मिलिमीटर रुंद होती. या वयात ती अडीच-तीनच्या आसपास असते. दोन कप्प्यांमधल्या पडद्यात रंगीत ठिपक्यांसारखे बारीक बारीक प्रवाह चमकत होते. आणि शेवटी फुप्फुस धमनीच्या मुळाशी एक छोटी रंगीत धार दिसली, बाहेरून आत येणारी. तिथे अशी धार असायचं काही कारण नाही.

निदान: डावी कोरोनरी धमनी महाधमनीऐवजी, म्हणजे सगळ्या शरीराला शुद्ध रक्त नेणाऱ्या धमनीऐवजी, फुप्फुस धमनीतून निघालेली. डॉक्टर मंडळी या दोषाच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला ‘अलकापा’ म्हणतात. सीटी अँजिओत ते स्पष्ट झालं. उजवी कोरोनरी इतकी रुंद असायची दुसरी कारणं, म्हणजे कोरोनरीचा फिस्टुला (धमनीचं भलतीकडे उघडलेलं तोंड) किंवा रक्तवाहिन्यांना सूज आणणाऱ्या कावासाकी आजारातला फुगवटा, त्यातच बाद झाली.

आधीच्या इकोत हे सुटलं कसं, हे मी त्यांना विचारलं. ते जे म्हणाले ते प्रत्येक इको करणाऱ्याने ऐकावं. महाधमनीच्या मागून हृदयावरणाची एक घडी जाते आणि तिची रेघ पडद्यावर अशी पडते की डावी कोरोनरी महाधमनीलाच जोडलेली आहे असं वाटतं. रंगीत डॉपलर लावून त्या धमनीत रक्त कुठल्या दिशेने वाहतं ते पाहिल्याशिवाय सुटका नाही. शिबिरात दिवसभरात कितीतरी मुलं तपासायची असतात, आणि गळणारी झडप समोर दिसली की नजर तिथेच थांबते.

आत नेमकं काय चाललं होतं

हे समजायला आपल्या खाडीकाठच्या माणसाला अवघड जाऊ नये. खाजणातल्या पाटात भरतीला खाडीचं पाणी शिरतं आणि ओहोटीला त्याच तोंडातून बाहेर जातं. पाट तोच, दिशा उलटी. या मुलांची डावी कोरोनरी अशा पाटासारखी असते. तिचं तोंड महाधमनीत हवं, ते फुप्फुस धमनीत उघडलेलं असतं. गर्भात आणि जन्मानंतरचे थोडे दिवस फुप्फुस धमनीतला दाब जास्त असतो, म्हणून रक्त धमनीत शिरतं. ते कमी प्राणवायूचं असलं तरी हृदयाचं काम भागतं. मग पहिल्या काही आठवड्यांत तो दाब उतरतो. ओहोटी लागते. आता डाव्या कोरोनरीत रक्त शिरत नाही, उलट तिच्यातलं रक्त फुप्फुस धमनीत ओढलं जातं.

बाळ जगतं की नाही हे यानंतर उजव्या कोरोनरीवर ठरतं. तिच्यापासून डावीकडे जाणाऱ्या बारीक जोडवाहिन्या वेळेत तयार झाल्या नाहीत, तर डाव्या कप्प्याचा स्नायू मरू लागतो. उपचार न झालेली दहातली नऊ बाळं पहिल्या वर्षात जातात. हा दोष साधारण ३ लाख जन्मांमागे एकात असतो. जोडवाहिन्या चांगल्या झाल्या तर मूल वाचतं, वाढतं, शाळेत जातं. पण उजवीने पाठवलेलं चांगलं रक्त डाव्या बाजूच्या स्नायूपर्यंत पोचून त्यातलं बरंचसं उघड्या तोंडातून निसटून जातं. बसून असताना भागतं. पाखाडी चढताना भागत नाही. सगळ्यात आधी उपाशी राहतात ते झडपेला धरून ठेवणारे स्नायू, आणि म्हणून झडप गळते. तिची गळती म्हणजे आजार नव्हता, आजाराची खूण होती.

१९३३ साली बॉस्टनच्या ब्लँड, व्हाइट आणि गार्लंड या डॉक्टरांनी अशा एका तान्ह्या बाळाचं वर्णन लिहिलं, तेव्हापासून या आजाराला त्यांची नावं जोडली गेली आहेत. रक्त नेमकं कुठल्या दिशेने वाहतं हे मात्र १९६० पर्यंत वादात होतं. डेव्हिड सॅबिस्टन या शल्यविशारदांनी शस्त्रक्रियेत त्या धमनीचं तोंड दाबून धरलं, आतला दाब वाढला, आणि ती धमनी रक्त घेत नसून देते आहे हे सिद्ध झालं. त्यानंतर बरीच वर्षं ते तोंड नुसतं बांधून टाकत. चोरी थांबे, पण हृदय एकाच कोरोनरीवर राही. १९७४ मध्ये ती धमनी कापून थेट महाधमनीत रोवल्याची नोंद आली. १९७९ मध्ये जपानच्या ताकेउची यांनी, धमनी पोचत नसेल तर फुप्फुस धमनीच्या आतूनच बोगदा करून तिला महाधमनीशी जोडण्याची रीत दिली.

निर्णय

वडिलांचा पहिला प्रश्न सरळ होता. अकरा वर्षं जगली, शाळेत जाते, जेवते-खाते, मग छाती का उघडायची? हा प्रश्न मला अजिबात चुकीचा वाटत नाही. उत्तर असं की मोठेपणी सापडलेल्या अलकापात पहिलंच लक्षण कधीकधी अचानक मृत्यू असतं, खेळताना किंवा धावताना. जोडवाहिन्या कितीही चांगल्या असल्या तरी त्या भरवशाच्या नाहीत, आणि दर वर्षी थोडा थोडा स्नायू व्रणात जमा होत राहतो. तिच्या एमआरआयमध्ये डाव्या भिंतीच्या आतल्या थरात असा एक छोटा व्रण दिसलाच होता. हृदयाची पंपिंगची क्षमता ५० टक्क्यांच्या आसपास होती; साधारणपणे ती ५५च्या वर असते. म्हणून निदान झालं की वय कितीही असो, शस्त्रक्रिया करायची, असंच मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. २०१८ ची अमेरिकन तत्त्वंही हेच म्हणतात. शस्त्रक्रिया उरलेला स्नायू वाचवते, मेलेला परत आणत नाही. वडिलांना हे वाक्य मी दोनदा सांगितलं, कारण नंतर कोणी ‘पूर्ण बरी होईल म्हणाले होते’ असं म्हणू नये.

आईचा प्रश्न वेगळा होता आणि तिने तो मला एकटीला गाठून विचारला. "माजा काय चुकला काय ओ? पोटात हुता तेवा?" कोरोनरी धमन्या गर्भाच्या पहिल्या दोनेक महिन्यांत आपापल्या जागी जोडल्या जातात. तिने खाल्लेल्या, उचललेल्या, पाहिलेल्या कशाचाही याच्याशी संबंध नाही. हा दोष सहसा घराण्यात चालत येणाराही नाही. तिला हे ऐकायला अकरा वर्षं लागली, याचं मला फार वाईट वाटलं.

मुंबईच्या रुग्णालयातल्या बैठकीत दोन गोष्टींवर चर्चा झाली. धमनी फुप्फुस धमनीच्या मागच्या डाव्या बाजूने निघत होती, म्हणजे महाधमनीपर्यंतचं अंतर बेताचं होतं. पण अकराव्या वर्षी धमनीची भिंत तान्ह्या बाळासारखी लवचीक नसते, ती पातळ आणि ठिसूळ झालेली असते, आणि भोवती जोडवाहिन्यांचं जाळं असतं. ओढून शिवली तर ताण येईल, पीळ पडेल. म्हणून थेट रोवण्याचा प्रयत्न पहिला, न पोचल्यास फुप्फुस धमनीच्या भिंतीची पट्टी वापरून लांबी वाढवायची, आणि छातीच्या आतल्या धमनीने बायपास हा शेवटचा पर्याय.

दुसरी गोष्ट झडपेची. काहींच्या मते या वयात व्रण झालेले स्नायू सुधारणार नाहीत, तेव्हा त्याच वेळी झडप दुरुस्त करावी. दुसरी बाजू अशी की रक्तपुरवठा मिळाल्यावर गळती बहुधा कमी होते, आणि झडपेला हात लावायचा तर हृदय थांबवून ठेवण्याचा वेळ वाढतो. गळती मध्यम होती, तीव्र नव्हती. ठरलं असं की आधी धमनी रोवायची, हृदय चालू झाल्यावर अन्ननलिकेतून इको करून पाहायचं, आणि तेव्हाही गळती मध्यमपेक्षा जास्त असली तरच पुन्हा आत जायचं. मला हे शहाणपणाचं वाटलं. तीव्र गळती असती तर मी उलट मत दिलं असतं.

आणि गणपती. आजीचं म्हणणं स्पष्ट होतं: "गणपती येवंदेत, मगे काय ता करा." वडील म्हणाले, आधी चेडू. वाद वाढण्याआधी रुग्णालयाची तारीखच अनंत चतुर्दशीनंतर दहा दिवसांची मिळाली. मधले आठवडे तिची सोय सड्यावरच्या मामाच्या घरी केली, म्हणजे पाखाडी नको आणि शाळा पाच मिनिटांवर. औषधं सुरू झाली. तिला सगळ्यात जड गेली ती फुगडी. गौरीच्या रात्री ती भिंतीला टेकून बसली होती आणि तिच्या मैत्रिणी तिच्यासमोर घालायला तयार नव्हत्या, हे तिच्या मामीने मला फोनवर सांगितलं.

शस्त्रक्रिया

कणकवलीहून रात्रीची रेल्वे, दिव्याला चाकरमानी काकांची खोली, तिथून रुग्णालय. शस्त्रक्रियेचा खर्च सरकारी योजनेतून झाला. प्रवास, काकांच्या खोलीतली गर्दी, आणि बागेतली बुडालेली वडिलांची मजुरी कुठल्याच योजनेत बसत नाही.

नंतर शल्यविशारदांनी मला सगळं समजावून सांगितलं, त्यातली एक बारीक गोष्ट लिहायलाच हवी. हृदय थांबवण्यासाठी महाधमनीच्या मुळाशी पोटॅशियमचं गार द्रावण सोडतात आणि ते कोरोनरींतून सगळ्या स्नायूत पसरतं. इथे ते उजव्या कोरोनरीत जाऊन, जोडवाहिन्या ओलांडून, डावीच्या उघड्या तोंडातून फुप्फुस धमनीत वाहून गेलं असतं आणि डावा कप्पा संरक्षणाविना राहिला असता. म्हणून कृत्रिम रक्ताभिसरण सुरू होताच फुप्फुस धमनीच्या दोन्ही शाखा आवळून धरल्या, आणि द्रावण महाधमनीबरोबरच फुप्फुस धमनीच्या मुळातूनही दिलं. मग फुप्फुस धमनी आडवी उघडली, डाव्या कोरोनरीचं तोंड भोवतीच्या भिंतीच्या रुंद चकतीसकट गुंडीसारखं कापून घेतलं, धमनी थोडी मोकळी केली, आणि महाधमनीच्या डाव्या मागच्या बाजूला छिद्र करून तिथे शिवली. ती पोचली. पट्टीची गरज लागली नाही. फुप्फुस धमनीत पडलेली खोबण तिच्याच हृदयावरणाच्या तुकड्याने भरून काढली. सगळं मिळून पाच तासांच्या आसपास.

हृदय सुरू झाल्यावर अन्ननलिकेतून इको: डाव्या कोरोनरीत रक्त पहिल्यांदाच योग्य दिशेने वाहत होतं, गळती मध्यमच होती. झडपेला हात न लावता छाती बंद केली.

तान्ह्या बाळांत या शस्त्रक्रियेनंतर थकलेल्या डाव्या कप्प्याला कधीकधी काही दिवस यंत्राचा आधार द्यावा लागतो. तिला लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी श्वासाची नळी निघाली, तीन दिवस अतिदक्षता विभाग, दहाव्या दिवशी सुट्टी.

परत आल्यावर

छातीचं हाड जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात. तेवढ्या काळात हंडा नाही, दप्तर नाही, काखेत धरून उचलणं नाही. घरच्यांनी हे काटेकोर पाळलं. मला काळजी होती ती ॲस्पिरिनची. शिवलेल्या जागी गुठळी होऊ नये म्हणून काही महिने कमी मात्रेत ती द्यावी लागते. पण आपल्याकडे पावसाळा लांबला की डेंग्यू आणि लेप्टो दोन्ही असतात. डेंग्यूत ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढू शकतो, आणि फ्लू किंवा कांजिण्यांच्या तापात मुलांना तिच्यामुळे यकृत आणि मेंदूचा गंभीर त्रास होऊ शकतो. डिस्चार्ज कागदावर हे इंग्रजीत एका ओळीत होतं. मी मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून त्यांच्या कपाटाच्या दारावर चिकटवलं: ताप आला तर ॲस्पिरिनची पुढची गोळी देण्याआधी फोन. दुकानातून आणलेली दुसरी कुठलीही दुखण्याची गोळी नाही. फक्त पॅरासिटामॉल. नोव्हेंबरात एकदा तो फोन आला, रक्त तपासलं, साधा ताप निघाला.

पेनिसिलिन बंद झालं. पण ते कसं, हे नीट सांगते, कारण हे वाचून कोणी आपल्या मुलाचं इंजेक्शन चुकवलं तर ते माझ्या लिहिण्याने झालेलं नुकसान असेल. हृदयविकारतज्ज्ञांनी झडप पाहिली, जुना सगळा इतिहास पुन्हा विचारला, वाताच्या तापाचा एकही पुरावा नाही असं लेखी दिलं, आणि मग ते बंद झालं. ज्या मुलाला खरोखर वाताचा ताप होऊन गेला आहे त्याच्या हृदयाला त्या २१ दिवसांच्या इंजेक्शनाइतकं दुसरं कशाचंच संरक्षण नाही.

सहा महिन्यांनी इको झाली. पंपिंग ५८ टक्के, गळती सौम्य, पडद्यातले ते रंगीत ठिपके दिसेनासे झालेले. उजवी कोरोनरी अजून रुंद आहे, ती हळूहळू आकसते. व्रण तसाच आहे आणि तसाच राहील. त्यामुळे ठोके अनियमित होण्याची शक्यता उरते, म्हणून वर्षातून एकदा २४ तासांची ईसीजी नोंद काढायची आहे. रोवलेल्या जागी धमनी पुढे अरुंद होऊ शकते, म्हणून तपासण्या आयुष्यभर. शाळेतल्या सरांनी विचारलं, खो-खोत घेऊ का? वर्ष पूर्ण झाल्यावर ट्रेडमिलवर धावण्याची चाचणी होईल, तोवर नाही, असं मी लेखी कळवलं. ती पाखाडी आता न थांबता चढते, पण मुद्दाम सावकाश, कारण तसंच सांगितलं आहे.

आमच्या पथकात आता मुलांना ‘छातीत दुखतं का’ एवढंच विचारून आम्ही थांबत नाही. चढताना मध्ये बसावं लागतं का, तेव्हा काय होतं, तुझ्या शब्दांत सांग, असं विचारतो. दाटता, भरता, आवळता, धडधडता, असे शब्द येतात, आणि बहुतेकांचं काही नसतं. तान्हेपणी पिताना घाम यायचा का, हे आईला किंवा आजीला विचारतो.

मी माझ्या रजिस्टरातून मायट्रल गळतीवर पेनिसिलिन घेणारी सात मुलं पुन्हा काढली. सातही जणांचे ईसीजी झाले, कोणाच्याही एव्हीएलमध्ये तशी क्यू लहर नाही. मोठ्या मुलांत ती नसूनही अलकापा असू शकतो, म्हणून जुने इको रिपोर्ट कोल्हापूरला पाठवले. सहा जणांचा वाताचा ताप तिथे पक्का ठरला, त्यांची इंजेक्शनं चालू आहेत. सातव्याच्या रिपोर्टात कोरोनरींचा उल्लेखच नाही. नऊ वर्षांचा मुलगा आहे, विजयदुर्गाच्या बाजूचा. त्याला मेच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख मिळाली आहे. हंगाम ऐन भरात असल्याने वडिलांना पेट्या सोडून येता येणार नाही, म्हणून त्याची आत्या सोबत येईल आणि मी त्या दोघांबरोबर जाणार आहे.